हाताची घडी, तोंडावर बोट

विजयाबाईंनी तीस वर्षं काष्टीच्या शाळेत फळ्यावर काळवीट काढलं, पण खरं एकदाही जवळून पाहिलं नव्हतं. आता पुढच्या आठवड्यात त्या कायमच्या लेकीकडे बेंगळुरूला निघाल्या होत्या. हे कळताच त्यांचा चौथीतला विद्यार्थी कारभारी, जो आता पंचावन्नचा होता, छाती फुगवून म्हणाला की हात लावाल इतक्या जवळून दाखवतो. बढाया मारण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

सकाळीच तो बाईंना जीपमध्ये बसवून रेहेकुरीच्या अभयारण्यात घेऊन गेला. आवाज करायचा नाही, असं वनरक्षकानं दोनदा बजावलं. तासाभरानं पिळदार शिंगांचा एक काळा नर कळपातून निघून थेट त्यांच्याच रोखानं यायला लागला. बाईंनी श्वास रोखला, आणि कारभारीच्या तोंडून निघालं, "हाऽऽ हुर्र्या!" वर दोन टाळ्या. जन्मभर पिकातून हाकललेलं जनावर, तोंडाला सवयच ती. कळप डोळ्यांदेखत पसार झाला. कारभारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना तो समोरच्या रस्त्यावर नजर रोवून जीप चालवत होता. बाई अधूनमधून चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत होत्या. निदान चहा तरी पाजावा म्हणून त्यानं जीप आपल्या वस्तीकडे वळवली, तर त्याच्याच हरभऱ्यात, ऐन घाट्यांवर, सात माद्या आणि एक काळवीट बिनघोर चरत होती. दहा पावलांवर. जीपला ती बुजली नाहीत.

कारभारीचा जीव तीळतीळ तुटला. त्यानं तोंड उघडलंच होतं.

"कारभारी," बाई हळूच म्हणाल्या, "हाताची घडी, तोंडावर बोट."

पंचावन्न वर्षांच्या माणसानं मुकाट्यानं इंजिन बंद केलं, हाताची घडी घातली आणि ओठांवर बोट ठेवलं. हरभरा ओरबाडल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू येत होता. बाई मात्र काच खाली करून नुसत्या बघत होत्या.

"डोळ्यांभोवती पांढरं असतं होय," त्या पुटपुटल्या. "मी कधी काढलंच नाही ते."

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले, चष्मा घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "शाळा सुटली. ओरड आता."

कारभारीनं बोट जरासं बाजूला केलं.

"चष्मा घाला, बाई," तो कुजबुजला. "आजून कडंची रांग ऱ्हायलीय. तेवढी खाऊ द्या."