पाषाणकर्काचे अवतारकार्य

काचेच्या पेटीवरची मखमल बुवांनी दोन बोटांनी उचलली आणि फर्निचरच्या दुकानावरचे ते भाड्याचे सभागृह एकाच सुरात ‘अहाहा’ म्हणाले. पेटीत तळहातापेक्षा थोडा मोठा करडा दगड होता, आणि त्या दगडातून एक खेकडा बाहेर येत होता. पहिल्या रविवारी म्हणे त्याची नुसती पाठ दिसली होती. दुसऱ्या रविवारी नांगी आली. आज, चौथ्या रविवारी, दोन्ही नांग्या आणि एका बाजूचे पाय मोकळे झाले होते. पेटीच्या झाकणाला कुलूप होते, कुलपावर लाखेची मोहोर होती, आणि किल्ली सभेच्या अध्यक्षांच्या, म्हणजे एका निवृत्त अधिकाऱ्याच्या, खिशात होती. शंकेला जागा कुठे?

“कोट्यवधी वर्षं हा जीव पाषाणात तप करत बसला,” बुवा म्हणाले. “ना अन्न, ना पाणी, ना मोबाइल!” सभा हसली. बुवांनी हसू पुरते विरू दिले आणि आवाज खाली आणला. “हा जसजसा बाहेर येईल, तसतसा तुमच्या देहातला रोग बाहेर जाईल. कर्काला कर्कच खातो, बाळांनो. हा पूर्ण मोकळा झाला की तुम्ही मोकळे. तोवर सुरी नको, सुई नको, आणि शंका तर मुळीच नको.”

शंका हा शब्द बुवा असा उच्चारीत, की जणू तीही एक संसर्गजन्य व्याधी आहे. त्यांच्या धंद्यापुरते ते निदान अचूक होते.

शेवटच्या रांगेत धाकटी बसली होती. संग्रहालयात दगडात अडकलेले प्राचीन जीव सोडवणे आणि त्यांची जात ओळखणे हे तिचे काम. पहिल्या रांगेत, हात जोडून, तिची थोरली बहीण बसली होती. थोरलीचे शिवणकामाचे दुकान होते आणि तिच्या छातीत गाठ होती. शस्त्रक्रियेसाठी शल्यचिकित्सक बाईंनी दिलेली एक तारीख तिने टाळली होती. दुसरी येत्या आठवड्यानंतरच्या गुरुवारची होती, आणि तीही टाळण्याचा तिचा बेत होता. कारण खेकड्याचे अजून निम्मे पाय आत होते.

घरी परतताना थोरली म्हणाली, “एकदा म्हण ना छोटे, की हे कसं होतं ते मला कळत नाही. तोंड वाकडं होईल का?”

“कळत नाही तेव्हा म्हणतेच मी. पगारच त्याचा मिळतो.” धाकटीने हात पुढे केला. “दर रविवारी दारात विकतात ते फोटो घेतलेस ना? दोन दिवस दे मला.”

“फाडशील.”

“बघीन.”

धाकटीच्या टेबलावर तेव्हा दुसराच खेकडा होता, कुठल्याशा खाणीतून आलेला, आडमुठा. कवच आणि भोवतालचा दगड एकाच रंगाचे, जवळजवळ एकाच कठीणपणाचे. दाबलेल्या हवेने थरथरणाऱ्या सुईने, सूक्ष्मदर्शकाला डोळा चिकटवून, एकेक कण उडवायचा. महिना गेला की नखाएवढी नांगी सुटते. हात चुकला तर पाय तुटतो. तुटलेला पाय चिकटवता येतो, पण उडवलेला दगड परत बसवता येत नाही. हे काम एकाच दिशेने जाते. म्हणून तर माणूस ते श्वास रोखून करतो.

तिने सुई बाजूला ठेवली आणि बहिणीचे फोटो भिंगाखाली मांडले. दुसऱ्या रविवारच्या फोटोत कवचाच्या पुढच्या कडेला डोळ्याची डावी खाच स्वच्छ उघडी होती. तिसऱ्या रविवारी तीच खाच दगडाने भरलेली होती. दुसऱ्या रविवारी मोठी नांगी उजवी होती. तिसऱ्या रविवारी मोठी नांगी डावी. खेकड्यांत एक नांगी थोराड असते, ती फोडायची. दुसरी बारीक, ती कापायची. कुठली कुठे हे एका खेकड्यापुरते कायम असते, निदान तो दगड झाल्यानंतर तरी. धाकटीने फोटो खाली ठेवले. बुवांनी एक खेकडा दाखवला नव्हता. कमीअधिक कोरलेले निरनिराळे खेकडे दाखवले होते, कारण त्यांच्या मते सगळे खेकडे सारखेच असतात. माणसांविषयीही त्यांचे मत तेच असावे.

“फोटो उलटा छापला असेल,” थोरली मशीनवरून मान न उचलता म्हणाली.

“फोटोत बुवांच्या मागे फलक आहे, तो वाच. अक्षरं सुलटी आहेत.”

थोरलीने वाचले. मशीन थांबले. मग ती एकदम उसळली. “तुला काय जातंय गं? तुझे दगड, तुझी सुई! मला कापायचं म्हणतायत, छोटे. मी रोज कापते. कात्री एकदा चालली की कापड पुन्हा तसं होत नाही, हे मला कुणी शिकवायला हवंय का?”

धाकटी तिच्याजवळ पाटावर बसली.

थोरली म्हणाली, “जे मला सांगितलंस ते त्यांच्यासमोर सांग. सगळ्यांदेखत. त्यांना उत्तर देता आलं नाही, तर मी गुरुवारी दवाखान्यात येते. आलं, तर पुन्हा त्या गाठीचं नाव काढायचं नाही.”

“कबूल,” धाकटी म्हणाली.

पुढच्या रविवारी ती उभी राहिली तेव्हा बुवांनी दोन्ही हात पसरले. “या, विदुषीबाई! तुम्ही दगडांशी बोलता म्हणे?”

“आज तुमच्याशी बोलायला आलेय. दगड निदान खोटं बोलत नाहीत.” ती सभेकडे वळली. “दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारचा फोटो ज्यांच्याकडे असेल त्यांनी शेजारी-शेजारी धरा. मोठी नांगी बघा. मग डोळ्याची खाच.”

पाकिटे उघडली, पिशव्या खुडबुडल्या. निवृत्त अधिकाऱ्यांनी चष्मा वर ढकलला. “अहो, खाच होती की! गेली कुठे?”

बुवा क्षणभरही अडखळले नाहीत. “ज्यानं पाषाण फोडला, त्याला हात बदलणं जड आहे? आणि खाच का बुजली, सांगू? अशांच्या शंकेनं तो रुसून आत गेला!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुरावा द्यावा आणि त्याचाच नवा चमत्कार होऊन तो आपल्याच अंगावर यावा, हा अनुभव बुद्धिवाद्याला नवा नाही. पहिल्या रांगेतून थोरली धाकटीकडे बघत होती. टाळी वाजवत नव्हती, पण हात अजून जोडलेलेच होते.

“ठीक,” धाकटी म्हणाली. “तो आत जातो, बाहेर येतो, हात बदलतो. मग एवढंच करू. पेटी या टेबलावरून उचलून त्या खिडकीतल्या उघड्या स्टुलावर ठेवू. कुलूप तेच, लाख तीच. मी हात लावणार नाही, तुम्हीही लावू नका. लोक पाळीपाळीनं बसतील. पुढच्या रविवारी बघू तो किती बाहेर येतो.”

“आसन हलवता येत नाही.”

“का?”

“सिद्ध आसन आहे ते.”

“पाषाण फोडता येतो आणि स्टूल बदलता येत नाही?”

मागून कुणीतरी फिसकन हसले. त्या सभागृहातले, बुवांनी न काढलेले, ते पहिले हसू होते.

थोरली उठली. जोडलेले हात सुटले होते. ती थेट टेबलापाशी गेली आणि जमिनीपर्यंत लोंबणारा टेबलाचा झालरीचा कपडा तिने चिमटीत धरला. “बुवा, हा मीच शिवला. मागच्या बाजूला चीर ठेवायला सांगितलीत. म्हणालात, हवेला वाट हवी. मी विचारलं नाही. आज विचारते. दगडाला हवा कशाला लागते?”

“ताई, मागे व्हा. शक्ती आहे तिथे.”

“असू दे,” ती म्हणाली आणि टेबलामागे जाऊन तिने चिरेतून कोपरापर्यंत हात घातला.

शक्ती एका लाकडी खोक्यात, भुशात ठेवलेली होती. मागच्या रविवारांचे दगड होतेच. त्यांच्याशेजारी कागदात गुंडाळलेला, दगडाचा मागमूस नसलेला, नखशिखांत मोकळा खेकडा होता: पुढचा चमत्कार, आधीच तयार. धाकटीने पुढे येऊन टेबलाची फळी दाबली. ती सरकली, आणि तिच्यावरच्या पेटीचा तळ दारासारखा खाली उघडला. कुलूप झाकणाला होते. तळाला कुणी पाहिलेच नव्हते.

“ही... ही त्याची भावंडं आहेत,” बुवा म्हणाले.

“मग माझा आजार नक्की कुठल्या भावंडानं नेला?” निवृत्त अधिकाऱ्यांनी विचारले, आणि किल्ली टेबलावर आपटली. बुवा जिन्याकडे सरकले, पण जिन्यात आता बरीच माणसे उभी होती, आणि ती पोलीस येईपर्यंत हलली नाहीत.

गुरुवारी शल्यचिकित्सक बाईंनी गाठ तपासली आणि हातमोजे काढले. “वाढलीय. आधी यायला हवं होतं. अजून हाताबाहेर गेलेली नाही, पण हमी मी देणार नाही.”

“तो देत होता हमी,” थोरली म्हणाली. “लिहा तुमच्या कागदावर माझं नाव.” मग धाकटीकडे वळून, “आणि तू रडू नकोस बाई. कापायचं मला आहे.”

जप्त केलेले दगड पोलिसांनी अभिप्रायासाठी धाकटीच्याच टेबलावर पाठवले. शस्त्रक्रियेनंतर थोरली रुग्णालयात शुद्धीवर आली, आठवडाभराने थोडी चालू लागली; पुढचे उपचार अजून बाकी होते. तोवर धाकटीने चार खेकड्यांची जात निश्चित केली. पाचव्याची पुढची कडा तुटलेली होती, नांग्या कुणीतरी बेपर्वाईने घासून टाकल्या होत्या. तिने तो पुष्कळ दिवस भिंगाखाली फिरवला, आणि शेवटी चिठ्ठीवर लिहिले: ‘जात अनिश्चित. अधिक पुरावा हवा.’

हे पाच शब्द बुवांच्या तोंडून कधी निघाले असते का, याचा वाचकाने विचार करावा. जो पेटीचे झाकण दाखवतो, त्याला तळही दाखवायला सांगावे. दाखवायला नकार दिला, तर कितीही टाळ्या वाजोत, उठून बाहेर पडावे आणि शेजाऱ्यालाही हाताला धरून उठवावे. आणि अंगात गाठ असेल, तर आजच डॉक्टरकडे जावे. ती कुणाच्या रविवारची वाट पाहत नाही.