नऊशे नव्याण्णव

नागसेननं मोबाइल धरलेला हात गॅलरीच्या कठड्याबाहेर काढला, तसा सुजितनं मागून त्याचा पट्टा पकडला. सुजित घरांचा एजंट होता. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून त्यानं आजवर बरंच काही केलं होतं, पण इतकं शब्दशः कधी नाही.

"किती?" आतून त्याच्या बायकोनं, अंजलीनं विचारलं.

"नऊशे नव्याण्णव."

"मीटर?"

"मग काय, ग्रॅम?"

शाळेतल्या मोफत प्रवेशाच्या फॉर्मची मुदत आज पाचला संपत होती. फॉर्ममधल्या नकाशावर आपल्या घराची पिन टाकायची. शाळेपासून किलोमीटरच्या आतली मुलं पहिली. बाकीची, जागा उरल्या तर. जागा कधी उरत नसत. दोन वर्षं चाळीतल्या खोलीची पिन टाकून झाली होती, आणि लेकीच्या, सोनूच्या वयाला हे शेवटचंच वर्ष होतं. म्हणून मोशीतला हा वन बीएचके. पिन टाकली की घर घ्यायलाच हवं, कारण पडताळणीला करारनामा लागतो.

घर फक्त जरा अडचणीच्या जागी उभं होतं. हॉल एक हजार दोन. स्वयंपाकघर एक हजार सहा. संडास तर पार परगावी गेल्यासारखा, एक हजार दहा. किलोमीटरच्या आत होती ती एकटी गॅलरी.

नागसेन चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होता. केसाच्या जाडीनं मोठा निघालेला शाफ्ट त्यानं अकरा वर्षांत कधी पास केला नव्हता. सुपरवायझर हातापाया पडला तरी नाही.

"सोनू गॅलरीत झोपेल," तो म्हणाला. "पडताळणीला कुणी आलं तर गादी दिसली पाहिजे."

"आणि पावसाळ्यात?"

"प्लास्टिक लावू."

अंजलीनं बाहेर येऊन कठडा हलवून पाहिला. तो हलला. खाली चार मजले होते. ती आत आली आणि सुजितनं दिलेला घराचा मंजूर नकाशा उलटसुलट करून बघत राहिली.

"सुजितभाऊ, ह्याच्यात गॅलरी कुठाय?"

सुजितनं घसा खाकरला. "वहिनी, कागदावर तिथं खिडकी आहे. गॅलरी बिल्डरनं नंतर प्रेमानं काढली."

"म्हणजे बेकायदा."

"आख्ख्या गल्लीला नोटिसा आल्यात. एकटं नाही वाटणार तुम्हाला."

चार बावन्न झाले होते. नागसेननं नकाशा हातात घेतला आणि सवयीनं त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. कागदावर होतं ते घर हद्दीत नव्हतं. हद्दीत होतं ते कागदावर नव्हतं. त्यानं नकाशाची घडी घालून खिशात ठेवली आणि मोबाइल काढला.

सोनू कधीच गॅलरीत पोचली होती. टाचा उंचावून ती कठड्यावरून बघत होती.

"पप्पा, शाळा नाय दिसत. नुसत्या टाक्या दिसतात."

"आत ये गं, कठडा हलतोय," अंजली म्हणाली.

सोनू वळली. नागसेन गॅलरीच्या दारात उभा राहून अंगठ्यानं पिन सरकवत होता आणि पडद्यावरचा आकडा नऊशे नव्याण्णव, हजार एक, नऊशे नव्याण्णव असा नाचत होता.

"थांब," तो म्हणाला. "येऊ नकोस, धक्का लागेल. पप्पाचं होईपर्यंत तिथंच उभी राहा."

सोनू शहाण्यासारखी कठड्याला टेकून उभी राहिली.