ॲप येईपर्यंत

साहेबराव साळव्यांचं म्हणणं असं, की दौंडला जायची त्यांची तयारी कधीचीच झाली होती. फक्त मोबाइल ॲप यायचं राहिलं होतं.

हे म्हणणं त्यांनी चौदा महिने नीट सांभाळलं. शिरूरहून दौंडला एसटी जाते. तिला नवीन व्हर्जन लागत नाही, पासवर्ड लागत नाही; आत बसलं की ती दौंडला नेऊन सोडते. पण साहेबराव शिकलेले गृहस्थ होते, आणि बी.कॉम. झालेला माणूस सोप्या उपायाला एकदम हात घालत नाही.

ते रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरला होते. वय चोपन्न. बायको करुणा पुण्याला रश्मीकडे, म्हणजे लेकीकडे, नातू सांभाळायला सहा महिन्यांसाठी गेली होती. नातू आता बेचा पाढा म्हणू लागला होता, पण सहा महिने काही संपत नव्हते. घरात उरले साहेबराव, एक हार्मोनियम आणि लॅपटॉप. लॅपटॉपमध्ये गाणी तयार करायचं सॉफ्टवेअर होतं. ते विकत मिळत नसे. महिन्याच्या वर्गणीवर चालायचं. वर्गणी थकली की आपलीच गाणी आपल्याला ऐकू यायची बंद. साहेबरावांनी ती कधी थकू दिली नाही. घरात आवाज करणारं दुसरं होतंच काय!

त्याआधी सव्वीस वर्षं ‘साहेबराव-मच्छिंद्र गायन पार्टी’ होती. साहेबराव पेटीवर आणि गळ्यावर, मच्छिंद्रआप्पा ढोलकीवर, कोरसला त्या वर्षी जो मोकळा असेल तो. इनामगाव, केंदूर, मांडवगण फराटा, जिथं जयंतीचा कार्यक्रम तिथं पार्टी. आप्पा रेल्वेत फिटर, राहायला दौंडला. चौदा एप्रिलला शिरूरच्या वस्तीत पहिला कार्यक्रम, आणि त्याचं बोलावणं आप्पांना कधीच कुणी धाडलं नाही. धाडायचं म्हणजे या माणसाला तारीख आठवत नसेल असा संशय घेण्यासारखं. दुपारच्या गाडीनं ते आपले ढोलकी मांडीवर घेऊन यायचे.

आप्पा रिटायर झाले त्याच्या पुढच्या जयंतीला मंडळाचा अध्यक्ष विक्रम साहेबरावांना म्हणाला, “काका, तुम्हाला चाळीस मिनिटं दिलीत. त्यातली दहा ढोलकीला माइक लावण्यातच गेली तर डीजेवाला बोंबलतो. ट्रॅकवरच गा ना. तुमचा तो लॅपटॉप हाय की!”

लॅपटॉप होता. त्यात तयार ढोलकीही होती, ‘फोक ढोलक सात’ नावाची. साहेबरावांनी तिच्यावर सहा गाणी बसवली. आप्पांना फोन करून सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. सोमवारी ठरवलं, बुधवारीही ठरवलं. मग चौदा तारीख आली.

आप्पाही आले. स्टेजवर त्यांच्या जागी प्लास्टिकचं स्टूल आणि स्टुलावर लॅपटॉप. आप्पांनी तो पाहिला, कुणाला काही विचारलं नाही आणि खाली तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. ढोलकी खोळीत, खोळ मांडीवर. चाळीस मिनिटं ऐकलं, टाळ्या वाजवल्या, पंगतीत जेवले. निघताना म्हणाले, “आवाज लागला बरं का आज.”

शिवी दिली असती तर तिथल्या तिथं मिटलं असतं. साहेबरावांनी तिची वर्षभर वाट पाहिली. पुढच्या चौदा एप्रिलला ते दुपारपासून तीनदा स्टँडवर जाऊन आले. दोनदा पान खायला आणि एकदा नुसतेच. ते पान खात नसत. आप्पा आले नाहीत.

मग मे महिन्यात साहेबरावांनी एक गाणं केलं. वस्तीतल्या रतनबाईंवर. रतनबाई सातवी शिकलेल्या आणि उभ्या हयातीत त्यांनी सगळ्यांची पत्रं वाचून दाखवली. त्यांना स्वतःला एकही आलं नाही. गाणं चांगलं उतरलं होतं. पेटी झाली, गळा झाला, कोरसही स्वतःच तीन वेळा गाऊन झाला. ढोलकीचा ट्रॅक त्यांनी रिकामा ठेवला. स्क्रीनवर बाकीच्या पट्ट्यांत लाटा उठलेल्या आणि मधे एक पट्टी सपाट. सॉफ्टवेअरमध्ये ‘सोबत्याला बोलवा’ असं बटण होतं. ते दाबलं की समोरच्याला गाणं जातं आणि तो आपला भाग घरबसल्या भरतो. आप्पांकडे लॅपटॉप नव्हता, फोन होता. आणि कंपनीच्या पानावर ठळक लिहिलं होतं: मोबाइल ॲप लवकरच.

जूनमध्ये त्यांनी मेसेज केला. ‘आप्पा, जय भीम. एक गाणं केलंय. ढोलकीची जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवलीय. मोबाइल ॲप आलं की पाठवतो.’

दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘बरं.’

हा एक शब्द साहेबरावांनी कितीदा उघडून पाहिला ते सांगण्यात अर्थ नाही. त्यात राग नव्हता, लोभ नव्हता. पण दार लावल्याचा आवाजही नव्हता.

ॲप जुलैत ‘अंतिम टप्प्यात’ होतं. ऑगस्टमध्ये ते पुन्हा अंतिम टप्प्यात आलं. साहेबरावांनी कंपनीला पत्र लिहिलं. रिया नावाच्या कुणी तरी कळवलं की आपला संयम आमच्यासाठी मोलाचा आहे. हे उत्तर आठव्या सेकंदाला आल्यामुळे रिया माणूस नसावी असं त्यांना वाटलं, तरी त्यांनी तिला उलट धन्यवाद दिले. त्या आठवड्यात त्यांच्याशी कारखान्याबाहेरचं कुणी तेवढंच बोललं होतं. दिवाळीनंतर कंपनीनं आनंदाची बातमी म्हणून सॉफ्टवेअरचा रंग काळा केला. जानेवारीत ॲप ऐंशी टक्के पूर्ण झालं आणि एप्रिलपर्यंत त्यानं ती टक्केवारी राखली.

प्रत्येक बातमी साहेबराव दौंडला कळवत. ‘आप्पा, पुढच्या महिन्यात म्हणतायत.’ ‘आप्पा, थोडं लांबलं.’ उत्तर यायचं, ‘बरं.’ दिवाळीपासून ‘बरं’ही बंद झालं आणि नुसता अंगठा यायला लागला. साहेबरावांनी तेही गोड मानून घेतलं. मधे आणखी एक जयंती गेली. ते ट्रॅकवर गायले.

कँटीनमध्ये स्टोअरचा दत्ता एकदा म्हणाला, “ओ साळवेसाहेब, त्या आप्पाला म्हणावं फोनमधी वाजवून व्हॉट्सॲपला टाक. काय ते ॲप ॲप लावलंय?”

“क्वालिटी उतरते, दत्ता.”

“मंग तुमीच लॅपटॉप घिऊन जावा की. दौंड काय दुबईला हाय का?”

“आता येईलच ते. आठवड्याचा प्रश्न आहे.”

“लई मोठा आठवडा हाय साहेब तुमचा,” असं म्हणून दत्ता ताट ठेवायला उठला.

लॅपटॉप घेऊन जायचं तर आप्पांच्या समोर बसावं लागणार होतं, आणि गाण्याच्या आधी दुसरंच काही बोलावं लागणार होतं. बटणाला ते लागत नाही. साहेबरावांना हे कळत होतं. म्हणून तर ते रोज रात्री झोपण्यापूर्वी कंपनीचं पान उघडत, ‘लवकरच’ वाचत आणि निर्धास्त झोपत.

ॲप ऑगस्टमध्ये एका बुधवारी आलं. साहेबराव बेअरिंगच्या खोक्यांची मोजणी करत होते. फोन वाजला, त्यांनी वाचलं आणि मोजणी पहिल्यापासून घेतली. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी बटण दाबलं. मच्छिंद्रआप्पांच्या नावापुढे ‘पेंडिंग’ उमटलं. गुरुवारी पेंडिंग. शुक्रवारी पेंडिंग. शनिवारी सकाळी नाव हिरवं झालं. आणि पुढच्या शुक्रवारी सपाट पट्टीत लाटा दिसल्या.

साहेबरावांनी दार लावलं, हेडफोन चढवले, गाणं लावलं. पहिल्याच आवर्तनाला त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

फोक ढोलक सात. तोच ठेका, तीच घुमक, दर चार मात्रांनी शिक्का मारल्यासारखी. स्टुलावरची ढोलकी आप्पांनी जशीच्या तशी परत पाठवली होती.

साहेबरावांना आधी वाईट वाटलं, मग राग आला, आणि मग चक्क बरं वाटलं. अडीच वर्षं ज्या शिवीची वाट पाहिली ती आली होती. आता जायला कारण होतं. रविवारी सकाळी ते दौंडच्या गाडीत बसले. वाटेत त्यांनी मनाशी भांडणाची दोन्ही बाजूंची वाक्यं तयार केली. आप्पांची वाक्यं जास्त चांगली झाली.

दार आप्पांच्या सुनेनं, नीलमनं उघडलं. “आप्पा, शिरूरचे काका आल्यात.”

आप्पा खाटेवर बसले होते. मागे सरकून त्यांनी जागा केली. “जय भीम. या. गाडीला गर्दी होती का?”

“जय भीम. नव्हती.” साहेबराव टेकले नाहीत. “आप्पा, काय पाठवलंत ते? मला बोलायचं होतं तर तोंडावर बोलायचं.”

“का वं? बसलं न्हाई का नीट?”

“सात नंबर लावलात. मुद्दाम.”

“मुद्दामच लावला. दीडशे ठेके हायेत त्यात. बटनं नीलमनं दाबली, निवड माझी. चार दिस ऐकत हुतो. पयले सहा निव्वळ डबडी. त्यातल्या त्यात सातवा बरा.” आप्पांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “तुम्हाला काय वाटलं?”

साहेबराव खाटेच्या कडेला टेकले. नीलम चहा घेऊन आली. आप्पांनी कप डाव्या हातानं घेतला.

“दाखवा की आप्पा त्यांना,” नीलम म्हणाली. “अवघडल्यावानी काय बसलाय?”

आप्पांनी कप खाली ठेवला आणि उजवा हात पुढे केला. मधली दोन बोटं अर्धवट वाकलेली. त्यांनी ती सरळ करून दाखवायचा प्रयत्न केला. बोटांनी ऐकलं नाही. “मानंतली शीर दबलीया म्हंत्यात. गोळ्या चालू हायेत. मुंग्या येत्यात निस्त्या.”

“कधीपासून?”

“दिवाळीपास्नं.”

“कळवलं नाहीत.”

“तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही तर कंपनीचंच ल्ह्यायचा.” हे आप्पा तक्रार म्हणून बोलले नव्हते. “पयला मेसेज आला तवा चालत हुता की हात. जूनमधी. ढोलकीच्या कातड्याला नवी शाई लावून आणली मी, बारामतीस्नं. म्हणलं, साहेबराव बसू देत्यात आपल्याला, तर आवाज कोरा पायजे. आठ-पंधरा दिस रोज बसायचो. मंग म्हणलं, यील ते आज-उद्या.”

बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला. साहेबरावांनी चहा प्यायला. हिशोब सोपा होता, जूनपासून दिवाळीपर्यंतचा, आणि तो बी.कॉम.लाही चुकवता येण्यासारखा नव्हता. दर रविवारी एक गाडी धरली तर वीस रविवार.

“आप्पा,” ते म्हणाले, “त्या जयंतीला माझं चुकलं.”

“व्हय,” आप्पा म्हणाले. “चुकलं.”

साहेबरावांनी वाट पाहिली, की आप्पा ‘जाऊ द्या’ म्हणतील. आप्पा म्हणाले नाहीत. ते बशीत चहा ओतत होते, डाव्या हातानं, आणि थोडा सांडला.

मग तेच म्हणाले, “गाणं ब्येस हाय. पर दुसऱ्या अंतऱ्याला तुम्ही मागं राहता.”

“मी?”

“कायम राहता. सव्वीस वर्षं राहत आलाय. दम कमी पडतो तुमचा तिथं. मी हात आवरता घ्यायचो, मंग तुम्ही आलात की सोडायचो. हे यंत्र न्हाई थांबत. तुम्ही मागं आन् ते पुढं निघून गेलंय. परत गा तेवढं.”

“मला कधी बोलला नाहीत, आप्पा.”

“बोलायचं काय त्यात?”

नीलमनं जेवायला थांबा म्हटलं. साहेबराव थांबले. पिठलं-भाकरी झाली, रेल्वेच्या पेन्शनीवर बोलणं झालं, करुणावहिनी कधी येणार तेही विचारून झालं. गाण्याचा विषय परत निघाला नाही. कोपऱ्यात ढोलकी दिसते का ते साहेबरावांनी पाहिलं. दिसली नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

चार वाजता ते घरी पोचले आणि कपडे न बदलता माइकपुढे बसले. दुसरा अंतरा. पहिल्यांदाच त्यांनी ठेक्याकडे कान देऊन ऐकलं, आणि खरंच, तिसऱ्या ओळीच्या शेवटी ढोलकी पुढे निघून गेली आणि ते एकटेच शब्द ओढत मागून आले. त्यांनी पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. पाचव्या वेळी जरा जमल्यासारखं वाटलं, ते पाठवून दिलं.

ॲपमध्ये गाण्यावर बोट ठेवून तिथंच शेरा लिहायची सोय होती. एवढं एक कंपनीनं चांगलं केलं होतं. वीस मिनिटांनी तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक छोटी चौकट उमटली. आत नीलमनं टाइप केलेलं असणार, पण शब्द आप्पांचाच होता.

‘मागं.’

साहेबरावांनी पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज माइकमध्ये येत होता, खुर्ची पुढे ओढली, आणि दम भरून घेतला.