धाग्याने मोजलेली सावली

वेलिकाने आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नव्हती. नवऱ्यापुढे नाही, पाद्र्यापुढे तर नाहीच. पण त्या सकाळी सुनेच्या कॉम्प्युटरवरचं चित्र पाहिलं आणि तिने कॉफीचा भरलेला कप तसाच बाजूला ठेवला.

चित्रात वरच्या आळीतल्या दगडी घराची बैठक होती. त्या घराचं आता हॉटेल व्हायचं होतं. दिल्याना अशी घरं कॉम्प्युटरवर आधीच सजवून दाखवायची. गालिचे, दिवे, खिडकीतून येणारं ऊन. दुपारी बाराच्या आत चित्र मालकाकडे गेलं नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं. आणि चुलीशेजारच्या भिंतीवर बाईमाणसाची सावली पडली होती. तिथं उभं तर कुणीच नव्हतं.

"तीन दिवस झाले, आई," दिल्याना म्हणाली. "एकेक दिवा विझवून पाहिला. सामान काढलं. भिंती कोऱ्या पांढऱ्या केल्या. जात नाही मेली!"

"फोडून घे डोळे. आमच्या वेळी चित्रं काढणारे जेवायला तरी उठायचे."

तोंड चाललं होतं, पण नजर त्या सावलीवरून हटत नव्हती. चोराच्या मनात चांदणं. ती भिंत वेलिकाच्या नवऱ्याने, स्पास गवंड्याने बांधलेली. दोनदा ढासळली. तिसऱ्यांदा त्याने बापजाद्यांचा उपाय केला. वाटेने येईल त्याची सावली धाग्याने मोजायची आणि धागा दगडांत चिणायचा. भिंत उभी राहते. ज्याची सावली, तो माणूस चाळीस दिवसांत मरतो.

त्या दुपारी वाटेने केराना आली, पावाची टोपली घेऊन. दिल्यानाची आई. दिल्याना तेव्हा दोन वर्षांची. पुढे मुलाने नेमकी हीच मुलगी पसंत केली, तेव्हा भांडकुदळ वेलिका अवाक्षर बोलली नाही. गावाला नवल वाटलं होतं.

"चित्रातला सूर्य फिरवून पाहिलास?" वेलिकाने विचारलं.

"सकाळचा पाहिला, संध्याकाळचा पाहिला. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, आई. कुठल्या दिवसाचा लावू?"

साडेअकरा झाले. वेलिकाने घासलेलंच पातेलं पुन्हा घासलं. गप्प बसावं तर पोरीचं काम जाणार. बोलावं तर पोर.

"उन्हाळ्यातल्या पेत्रोवदेनच्या सणाचा लाव," ती मागे न वळता म्हणाली. "भर दुपारचा."

"घ्या! आता तुम्ही मला धंदा शिकवा!" दिल्याना हसली, पण तिने लावला. पडद्यावर चित्र ठिपक्या-ठिपक्याने भरत गेलं. भिंत लख्ख निघाली.

"गेली! आई, गेली!" तिने मागून सासूच्या गळ्यात हात टाकले.

मग ते हात हळूहळू सैल झाले. केराना गेली तो दिवस पेत्रोवदेनपासून चाळिसावा. दर उन्हाळ्यात दारावर तिच्या पुण्यतिथीचा कागद लागायचा, आणि खळ वेलिकाच लावायची. गवंड्यांचा उपाय त्या गावात पोराटोरांनाही ठाऊक होता.

दिल्याना खुर्चीत बसली. तिने सूर्य होता तिथं मागे नेला. सावली भिंतीवर परत आली. आता डोक्यावरच्या रुमालाची गाठही दिसत होती. चर्चची घंटा बाराचे टोले देऊ लागली. तिने चित्र पाठवलं नाही.

"वेलिकाबाई," ती म्हणाली. लग्नाच्या अठरा वर्षांत तिने सासूला नावाने हाक मारली नव्हती. "धागा कुणी धरला होता?"

वेलिकाने हात पुसले. मान खाली घातली नाही.

"एक टोक स्पासने," ती म्हणाली. "दुसरं मी."