उजव्या जोड्यातला अंगठा

जोडा उलटा धरला की माणूस वाचता येतो, असं मावशी म्हणायची. कडे चढणाऱ्यांचे जोडे दुरुस्त करण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. तळाचं रबर बोटांखालून फिरवलं की तिला बरंच काही कळे. अंगठ्याखाली भोक पडलंय, म्हणजे हा पाय उचलून ठेवत नाही, खडकावरून फरफटत नेतो. बाहेरची कड गेलीय, म्हणजे ही बाई अंग वळवून वळवून चढते. एका दंतवैद्याचे जोडे मात्र चहूकडून इतके सारखे झिजायचे की ते आले की मावशी घरच्यांना दात नीट घासायला बजावायची.

त्या गुरुवारी दुपारी तिची भाची आली. भिंतीला चिकटते म्हणून घरात तिला सगळे पाल म्हणत, आणि तिलाही ते आवडे.

"आली का आमची पाल," मागच्या खोलीतून काकांचा आवाज आला. काका म्हणजे मावशीचे यजमान. सुतार माणूस, दुकानाच्या मागं त्यांचं रंध्या-पटाशीचं राज्य होतं.

"मावशी, शनिवारी सकाळी हवेत." पालीनं पिशवीतून जोडे काढून टेबलावर ठेवले.

"परवा? चिकटवलेलं सुकायलाच एक दिवस जातो. मी काय फुंकर मारून देऊ?"

"मार फुंकर. थंडी संपत आली गं. एकदा ऊन तापलं की हाताला घाम सुटतो, खडक धरवत नाही. मग तो गावाबाहेरचा कडा थेट पुढच्या वर्षावर."

मावशी जोड्यांकडे बघतच नव्हती. ती पालीच्या डाव्या हाताकडे बघत होती. अनामिकेच्या मुळाशी पांढरी पट्टी गुंडाळलेली होती.

बोट वाकवणारी एक दोरी बोटातून गेलेली असते, आणि तिला हाडाशी धरून ठेवायला बारीक कड्या असतात. शिवणयंत्रावरचा दोरा जसा कड्यांतून ओवलेला असतो तशा. त्यातली एक कडी पालीनं वर्षभरात दोनदा दुखावून घेतली होती. तिसऱ्या वेळी तुटलीच तर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर चढणं बंद, असं बोटांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. पाल शहरातल्या चढाईच्या भिंतीवर मुलांना शिकवायची. बोट गेलं की हौसही गेली आणि नोकरीही.

"डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या?"

"म्हणाल्या. सहा आठवडे हात मांडीवर घेऊन बसले. मग मऊ चेंडू दाबला. मग पाण्याची बाटली उचलली. मग लाकडी पट्टीला लोंबकळणं, तेही वजन मोजून मोजून. चढायच्या आधी अर्धा तास अंग गरम करते. पट्टी त्यांनी दाखवली तश्शीच बांधते. आता काय बोटाला पाळण्यात घालून जोजवू?"

"मग दोनदा का झालं?"

"ते कळलं असतं तर तिसऱ्यांदाची धास्ती कशाला असती?" पाल हसली, पण हसू ओठांच्या पुढं गेलं नाही. "निघते. मुलं खोळंबलीत."

ती गेली, आणि तो 'का' मावशीच्या टेबलावरच राहिला. कातड्याच्या तुकड्यांत, गोंदाच्या वासात, पत्र्याच्या डब्यातल्या खिळ्यांत तो सारखा तिच्या हाताला लागत होता. तिनं जोडे उचलले. डावा उलटा धरला, उजवा उलटा धरला, आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला.

डाव्याच्या आतल्या कडेला, अंगठ्याखाली, रबर कागदासारखं पातळ झालं होतं. या पायावर पाल मन लावून उभी राहत होती. उजव्याची तीच कड मात्र जवळजवळ कोरी होती. खाली तळव्याच्या फुगीर भागावर तेवढे ओरखडे उठले होते, सगळे एका दिशेनं, घसरल्याचे.

"अहो, ऐकलंत का?" तिनं हाक मारली. "एका बाईचे दोन पाय. एक सासरी नांदतोय, आणि दुसरा माहेरीच बसलाय."

काका हातावरचा भुसा झटकत बाहेर आले. त्यांनी दोन्ही तळ बघितले. "या वेळी काहीतरी वेगळं झालं असेल."

"या वेळी?" मावशीचा हात थांबला. हे जोडे याआधी दोनदा तिच्याच हातांखालून गेले होते. दोन्ही वेळा जुना तळ गरम करून, पकडीनं सोलून, तिनं नवा लावून दिला होता. तळ लावायचा तेवढा लावायचा, विचारायचं काही नाही, हा दुकानाचा रिवाज. सोललेलं रबर दाराआडच्या पोत्यात जायचं, आणि पोतं भरलं की भंगारवाला न्यायचा.

ती पोत्याशी बसली. काकाही बसले, गुडघे कुरकुरले तरी. कुणाकुणाचे तळ निघाले, खडूनं नाव टाकलेले. अर्ध्या तासानं 'पाल' लिहिलेली एक जोडी वर आली, गेल्या पावसाळ्याच्या आधीची. डावा तुकडा पातळ, उजव्याची कड कोरी, ओरखडे त्याच दिशेनं.

"दोनदा माझ्या हातात आलं होतं," मावशी म्हणाली, "आणि दोनदा मी ते सोलून फेकून दिलं."

काकांनी ती जोडी उचलून तिच्या टेबलावर ठेवली. पोत्याचं तोंड बांधून ते आत गेले.

मावशीनं उजव्या जोड्यात हात घातला. आत अंधार, ओल आणि घामाचा आंबट वास. बोटं पुढं सरकवली. चार बोटांच्या चार खळ्या व्यवस्थित लागल्या. अंगठ्याची खळी मात्र जागेवर नव्हती. अंगठा पुढं पसरलाच नव्हता. तो दुमडून, पाठ वर काढून बसला होता, आणि त्याच्या नखानं टोकाचं कातडं आतून खरवडून काढलं होतं. भांड्यात कोंडलेल्या जनावरानं झाकण खरवडावं तसं.

ती कामाला लागली की ओव्या रचायची. कुणासाठी नाही, हाताला ताल हवा म्हणून. त्या संध्याकाळी दुसऱ्या एका जोड्याच्या रबरावर कानस फिरवताना तिच्या तोंडून आपसूक आलं:

पायाचं दुखणं, पाय ठेवितो पोटात
त्याचा भार सारा, उतरतो गं बोटात.

आणि कानस तिथंच थांबली. हे खरंच असं असेल का?

शुक्रवारी दुपारी तिनं पालीला बोलावून घेतलं. दुपारीच ये म्हणाली, दिवसभर उभं राहून झाल्यावर. पाय सकाळी लहान असतो, दुपारपर्यंत फुगतो, आणि माप फुगलेल्या पायाचं घ्यायचं असतं.

"जोडे झाले?" पालीनं दारातूनच विचारलं.

"आधी अनवाणी हो. या कागदावर उभी राहा."

काकांनी सुतारी पेन्सिल दोन्ही पायांभोवती फिरवली. पालीला गुदगुल्या झाल्या. "काका, मला काय खिडकीत बसवताय?"

"कपाटात. तिथं बरी गप्प राहशील."

कागद उजेडाला धरून त्यांनी एका आकृतीवर दुसरी ठेवली. उजवा पाय चार मिलिमीटर लांब होता.

"हे जोडे घेताना दुकानात कुठला पाय घालून बघितलास?" मावशीनं विचारलं.

पालीनं आठवून बघितलं. "डावा. बसला घट्ट, म्हटलं द्या."

"आणि उजवा?"

"उजवा काय बघायचा? जोडीतलाच ना तो." मग जराशी चिडून, "मावशी, आमचे जोडे घट्टच असतात. जितका लहान जोडा तितकी बारीक कड पायाला सापडते. पाय तर सगळ्यांचेच बधिर होतात."

"दोन्ही सारखे होतात?"

पालीनं नकळत उजव्या पायाचा अंगठा चोळला.

मावशीनं दोन्ही जोडे तिच्या पायांत चढवले आणि तिला लाकडी फळीच्या कडेवर, बोटांच्या टोकांवर उभं केलं. भिंतीचा आधार होता. घड्याळ समोर होतं. सात मिनिटं झाली. "आता डोळे मीट. मी पेन्सिल टोचते, तू बोट सांग."

डावा पाय. "अंगठा. अंगठ्याशेजारचं. पुन्हा अंगठा."

उजवा पाय. "करंगळी. मधलं." मग शांतता. "टोच ना."

"टोचतेच आहे," मावशी म्हणाली.

पालीनं डोळे उघडले. पेन्सिलीचं टोक अंगठ्यावरच्या रबराच्या पट्टीत चांगलं रुतलेलं होतं. ती खाली बघत राहिली, जणू तिथं कुणा दुसरीचा पाय होता.

"बोट दोन्ही वेळा कुठं दुखावलं?" मावशीनं हळूच विचारलं.

"त्याच जागी. कड्याचं पोट पुढं आलंय ना, तिथं. डाव्या हाताला दोन बोटं मावतील एवढीच खोबण आहे, आणि उजव्या पायाला नाण्याएवढी कड." पालीचा आवाज उतरला. "मला वाटायचं ती खोबणच वाईट. पाय निसटतो, अंग दारासारखं उघडतं, आणि सगळी मी त्या दोन बोटांवर येते."

"पाय का निसटतो, ते कधी बघितलं नाहीस?"

"निसटला की मी वर बघते, मावशी. खाली कोण बघतं?"

मावशीनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आपण जोडेवाली, शिकलेली नाही, चूकभूल माफ करा, असं म्हणत म्हणत सगळं सांगितलं. पलीकडं डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या मोठ्यानं हसल्या. "अहो, चार महिने मी त्या बोटाकडे डोळ्यांत तेल घालून बघतेय. पण तिला एकदाही म्हटलं नाही की जोडे घेऊन या. शक्य आहे. अगदी शक्य आहे. मला ते जुने तळ बघायला मिळतील का?"

फोन ठेवून मावशी पालीकडं वळली. "कातडं खरं आहे, ताणलं जाईल. अंगठ्यावरची रबराची पट्टी काढावी लागेल, ती ताणू देत नाही. काका तुझ्या पायाचा लाकडी साचा करतील. पण ओलं कातडं साच्यावर सावलीत वाळायला हवं. आठ-दहा दिवस."

"तोवर ऊन तापेल."

"तापेल."

"उद्याचा एक दिवस जाऊ दे मला. एकदाच. मग हवं ते कर."

"जोडे तुझे, पाय तुझे. म्हणशील तर आत्ता बसते आणि नवा तळ लावून देते. पण मग ही खूणही जाईल, आधीच्या दोन गेल्या तशी. आणि तिथं पोचल्यावर तुला आठवेल की पेन्सिल टोचत होती आणि तुला कळत नव्हती."

पालीनं जोडे काढले. उजवा हातात घेऊन तिनं आत बोटं घातली, अगदी टोकापर्यंत, आणि तिथला खरवडलेला खड्डा चाचपला. बराच वेळ चाचपत राहिली. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग तिनं जोडा काकांपुढं धरला.

"डोक्याला हेल्मेट, बोटाला पट्टी आणि पायाला कोंडवाडा," काका म्हणाले. "आण इकडं. कुठलं लाकूड चालेल ते बघतो."

साचा तीन दिवसांत झाला. काकांनी अंगठ्याच्या जागी पटाशीनं एक उंचवटा सोडला होता, सांधा वर येतो तिथं. मावशीनं कातडं ओलं केलं, चढवलं, बांधलं, आणि रोज सकाळी दुकान उघडल्याबरोबर त्याला हात लावून बघितलं. वाळल्यावर दोन्ही जोड्यांना नवा तळ लावला. पाल रोज फोन करायची. आधी बोटाचंच बोलायची, ती आता कातड्याची चौकशी करायची.

अकराव्या दिवशी सकाळी लवकर, उन्हाच्या आधी, दोघी गावाबाहेरच्या कड्याखाली पोचल्या. दोर धरायला पालीची मैत्रीण होती. मावशीनं घडीची खुर्ची मांडली आणि खडकाकडं बघून एवढंच म्हणाली, "अगं बाई, हे तर वरून अंगावरच येतंय."

पालीनं अर्धा तास हातपाय हलवले, खालच्या सोप्या दगडांवर चढ-उतार केली, मग दोर बांधला. मावशी चेहऱ्याकडं बघत नव्हती, हाताकडंही नाही. उजव्या जोड्यावर तिची नजर खिळली होती. तो वर गेला, थांबला, पुढं सरकला. कड्याचं पोट आलं. पालीनं डावा हात वर खोबणीत घातला. मग तिनं मान वळवली आणि खाली आपल्या पायाकडं बघितलं. अंगठा त्या नाण्याएवढ्या कडेवर अलगद टेकवला, दाबून बघितला, आणि मग भार दिला.

पाय राहिला.

ती त्यावर उभी राहिली, उजवा हात पुढच्या पकडीला पोचला, आणि पोट मागं पडलं. माथा दोन हातांवर असताना तिचा घामेजला हात सुटला, आणि ती दोरावर झुलत ओरडली, "हात घसरला गं, पाय नाही!" आवाजात आनंद मावत नव्हता.

खाली येताच मावशीनं तिचा डावा हात ओढून घेतला, पट्टी सोडली आणि बोटाच्या मुळाशी दाबलं. "इथं?"

"नाही."

"इथं?"

"नाही गं. बोटाला काही नाही." पाल खडकावर बसली आणि कपाळाला आठी घालून उजव्या पायाकडं बघू लागली. "अंगठा मात्र ठणकतोय. टोकाला, नखाच्या आतल्या बाजूला, इथं."

"जागा सांगता येते?"

"इथं म्हटलं ना." तिनं बोट ठेवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की अंगठा आता बधिर नव्हता.

"अजून एकदा जाऊ?" पाल म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी दिवसाला दोनदा सांगितलंय. एक शिल्लक आहे."

"आधी वीस मिनिटं जोडे काढून बस."

पालीनं जोडे काढले, दोन्ही पाय गार दगडावर पसरले, आणि दहाही बोटं एकेक करून हलवत बसली.