दोघांची गोळी

ऑटिसला बीपी निघालं, तेव्हा सगळ्यांच्या आधी व्हर्डीबाई बोलल्या. "एवढंच ना? रोज एक गोळी ना? द्या इकडे. चार पोरांना एरंडेल पाजलंय मी."

डॉक्टर प्रुइट तरुण होती, नवी होती, पण मिस व्हर्डींशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तिने मुकाट्याने बाटली त्यांच्या हातात दिली.

लुइझियानातल्या पाइनच्या त्या रानात प्रयोगशाळांतून निवृत्त झालेले चिंपांझी राहायचे, आणि व्हर्डीबाई सोळा वर्षं त्यांचं सगळं करत होत्या. ऑटिस त्यांतला सगळ्यांत म्हातारा. त्याची सव्वीस वर्षं पिंजऱ्यात गेलेली. तिथे कुणी गोड बोलून केळं पुढे केलं की पाठोपाठ सुई यायची. तेव्हापासून गोड बोलणाऱ्या माणसावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

पहिल्या दिवशी बाईंनी गोळी केळ्यात खुपसली. ऑटिसने शांतपणे केळं सोललं, चिमटीने गोळी काढली, केळं खाल्लं, आणि कुणाचं पडलेलं बटण परत करावं तशी गोळी जाळीतून बाईंना देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या लोण्यातून दिली. लोणी गेलं, गोळी लख्ख चाटूनपुसून कट्ट्यावर. मग बाईंनी ती कुटून रसात घातली. त्याने तो घोट गालात धरून ठेवला, बाई जवळ येईपर्यंत वाट पाहिली, आणि फुर्रकन सगळा त्यांच्या डोक्यावर. रविवारी चर्चला जायचं म्हणून आदल्याच संध्याकाळी केस बसवून घेतले होते त्यांनी. पाचव्या दिवशी अंजिराच्या मुरंब्यातली गोळी त्याने मोठ्या मनाने शेजारच्या चिंपांझिणीला, लुसीलला, देऊ केली. तिने वास घेतला आणि भिरकावून दिली.

घरी नवऱ्याने, रॉस्कोने, विचारलं, "गोळी घेतली का?"

"कुठली घेतोय! मेला थुंकतो."

"मी तुझ्या गोळीचं विचारतोय, व्हर्डी."

"घेतली, घेतली. मागे लागू नकोस."

दहाव्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. कोबीचा खोका उचलताना बाईंच्या डोळ्यांपुढे काळोख आला, आणि त्या पालथ्या बादलीवर मटकन बसल्या. ऑटिसचं बीपी मोजायला डॉक्टर नेमकी यंत्र घेऊन आली होती. तिने बोटाचा पट्टा ऑटिसऐवजी बाईंच्याच बोटाला गुंडाळला.

"एकशे शहाण्णव," ती म्हणाली.

"बाप रे! ऑटिसचं?"

"तुमचं."

"हॅ! हे यंत्र माकडांचं आहे."

"मिस व्हर्डी, चिंपांझी म्हणजे माकड नव्हे, हे पाहुण्यांना ओरडून ओरडून तुम्हीच सांगता."

बाईंनी बोटाचा पट्टा सोडला. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या गोळ्या ट्रकच्या कप्प्यात आहेत. ईस्टरपासून."

"ईस्टरपासून? आता ऑगस्ट आहे!"

"मला काय धाड भरलीय, म्हटलं."

डॉक्टर धावत जाऊन बाटली घेऊन आली. "घ्या. आत्ता. माझ्यासमोर."

बाईंनी ऑटिस करायचा अगदी तसंच तोंड केलं आणि गोळी गिळली.

जाळीपलीकडे ऑटिस कोबीचं पान चघळायचा थांबला होता. तो उठला, रमतगमत आला, बाईंच्या पुढ्यात बसला आणि त्याने भला मोठा जबडा उघडला.

"याला काय झालं आता?"

"त्याचे दात बघायचे असले की तुम्ही आधी आपलं तोंड उघडून दाखवता ना?" डॉक्टर कुजबुजली. "आज तो तुम्हाला सांगतोय. उघडा."

बाईंनी आ केला. ऑटिसने जाळीला डोळा लावून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बाईंना जीभसुद्धा वर करून दाखवावी लागली. मग त्याने तळहात पुढे केला. डॉक्टरने श्वास रोखून त्यावर गोळी ठेवली. ऑटिसने ती तोंडात टाकली, गिळली, आणि रिकामं तोंड दोघींना उघडून दाखवलं.

बाई जाळीजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "सव्वीस वर्षं टोचलं रे तुला. पण आधी स्वतः घेऊन कुणी दाखवलंच नाही, होय ना?"

तेव्हापासून तो रिवाजच पडला. रविवारी बाईंची सुट्टी, म्हणून ड्वेन नावाच्या सहकाऱ्याने त्यांच्याऐवजी पेपरमिंटची गोळी खाऊन दाखवली. ऑटिसने त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि पाठ फिरवली. झालं, बाईंना रविवारीही चर्चच्या आधी यावं लागायला लागलं. एकदा त्यांनी घाईत गोळी न गिळता गालात लपवली. ऑटिसने पाहणी केली, आपली गोळी आपल्या गालात ठेवली आणि समोर बसून राहिला. पाव तास दोघं तोंड बंद करून एकमेकांकडे बघत होते. शेवटी बाईंची गोळी विरघळून जहर कडू झाली, तेव्हा त्यांनी ती गिळली. मग त्याने.

ऑक्टोबरात दोघांचंही बीपी उतरलं. डॉक्टरने दोघांचे आकडे भिंतीवरच्या एकाच कागदावर लिहिले, त्यावरून बाई दोन दिवस तिच्याशी बोलत नव्हत्या.

रॉस्कोला मात्र चैन पडेना. "छत्तीस वर्षं मी कानीकपाळी ओरडतोय," तो म्हणाला, "आणि त्याने नुसता आ केला तर ऐकतेस? मला बघायचाय हा गडी."

पाहुण्यांच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून आला. दूरच्या कठड्याशी उभा राहिला, टोपी काढली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मनापासून आभार, दादा!"

ऑटिसने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बाईंनी रॉस्कोच्या दंडाला धरलंय, हेही पाहिलं. मग त्याने गवतासकट मातीचं ढेकूळ उपटलं आणि नेम धरून मारलं. थेट सदऱ्यावर.

"ऑटिस!" बाई ओरडल्या. "अरे, नवरा आहे तो माझा!"

"त्याला ते कळलंय, व्हर्डी," रॉस्को छाती झटकत म्हणाला. "म्हणूनच मारतोय."

बाई हसता हसता कठड्याला टेकल्या. ऑटिस तोवर दुसरं ढेकूळ शोधत होता.