वेल्श : अस्खलित

ज्या गालिच्यांच्या दुकानात नेरिसची उमेदीची सगळी वर्षं गेली, ते दुकान ऐन वसंतात बंद झालं. तेव्हापासून ती रिसेप्शनिस्टच्या नोकरीसाठी अर्ज करत सुटली होती. वेल्समधल्या कार्मार्थन गावातले दातांचे डॉक्टर झाले, वकील झाले, हॉटेलं झाली. कुठूनही साधा नकारसुद्धा येत नव्हता. कोणी "नको" म्हणालं असतं तरी तिला बरं वाटलं असतं.

"मावशी, तुझा बायोडेटा माणसाच्या हातात पोचतच नसेल," तिची भाची लौरी म्हणाली. "आधी कॉम्प्युटर चाळतो. जाहिरातीतले शब्द सापडले नाहीत की तू बाहेर. त्यांचे शब्द घाल ना त्यात!"

लौरी कामावर गेली आणि नेरिस शब्द घालायला बसली. जनावरांच्या दवाखान्याची जाहिरात समोर होती. त्यातलं जे दिसेल ते तिने उतरवलं: अपॉइंटमेंटचं नियोजन, तक्रारींचं निवारण, कधी न पाहिलेल्या एका सॉफ्टवेअरचं नाव, आणि 'वेल्श : अस्खलित'. इथे मात्र तिचं बोट अडखळलं. वेल्श ही तिथली जुनी भाषा; आजीची वेल्श तिला समजायची, पण बोलायची वेळ आली की जीभ लुळी पडायची. 'आजवर कोणी वाचलंय, की आता वाचणारेत!' असं म्हणत तिने अर्ज पाठवून दिला.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. पलीकडून एक बाई भराभर वेल्शमध्ये बोलू लागल्या. नेरिसला सगळं कळलं. त्या दवाखान्याच्या व्यवस्थापक प्रॉसरबाई होत्या आणि गुरुवारी मुलाखतीला याल का, असं विचारत होत्या. उत्तर काही वेल्शमध्ये जुळेना. "मी... मी..." करत तिने फोन बंद केला.

"ठेवून दिलास? बोलता बोलता?" संध्याकाळी लौरीने कपाळावर हात मारला.

"तूच म्हणालीस ना, त्यांचे शब्द घाल!"

"तुझ्याकडे आहेत ते घाल म्हटलं! बरं, लाइन खराब होती म्हणून सांग. गुरुवारपर्यंत थोडी घोकून घे."

"अगं, तिथे शेतकरी फोन करतात. एखाद्याची गाय अडलेली असायची आणि मी इकडे शब्द शोधत बसायची!"

तिचं जेवण तसंच राहिलं. उद्या दवाखान्यातली माणसं आपल्यावर हसतील, गावात बभ्रा होईल, मग कोणी दारातही उभं करणार नाही, असं काहीबाही मनात येत राहिलं. सकाळी तिने तीनदा नंबर लावून तीनदा तोडला. चौथ्यांदा प्रॉसरबाईंनीच फोन उचलला.

"काल मीच फोन ठेवला, बाई," नेरिस इंग्रजीत एका दमात म्हणाली. "मला वेल्श समजते, पण बोलता येत नाही. ते सॉफ्टवेअरही मला येत नाही. जाहिरातीत होतं म्हणून लिहिलं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मग खरं काय आहे त्यात?" प्रॉसरबाईंनी कोरडेपणाने विचारलं.

"बाकीचं सगळं."

"तर मग खरं तेवढंच लिहून पाठवा. बघते. वचन देत नाही."

त्या संध्याकाळी मावशी-भाची पुन्हा बसल्या. सॉफ्टवेअरचं नाव गेलं. त्या जागी ती दुकानात ऑर्डरी कशावर नोंदवायची, ते आलं. 'अपॉइंटमेंटचं नियोजन' हे शब्द मात्र लौरीने काढू दिले नाहीत. "गालिचे बसवणाऱ्यांना कोणाच्या घरी कधी पाठवायचं, हे कोण ठरवायचं?"

"मीच की."

"मग ते दुसरं काय होतं? फक्त खाली तसं लिही, म्हणजे वाचणाऱ्यालाही पटेल." वेल्शपुढे नेरिसने स्वतःच लिहिलं: 'समजते, बोलण्यात कच्ची.'

नवा अर्ज वाचून प्रॉसरबाईंनी मुलाखतीचं बोलावणं कायम ठेवलं आणि गुरुवारी नेरिस दवाखान्यात पोचली. प्रॉसरबाईंनी एकेका शब्दावर बोट ठेवलं. "तक्रारींचं निवारण? म्हणजे नक्की काय केलंत?"

एका घरी अंत्यविधीच्या आदल्या दिवशी भलत्याच रंगाचा गालिचा बसवला गेला होता. ते नेरिसने सांगितलं. त्या घरच्या बाई फोनवर किंचाळत होत्या. नेरिसने आधी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, मग कारागिराला घरातून उठवून संध्याकाळच्या आत गालिचा बदलून घेतला. सांगताना तिचा आवाज प्रथमच सरळ लागला. प्रॉसरबाईंनी मान हलवली. पण ती 'ठीक' म्हणून होती की 'पुरे' म्हणून, ते नेरिसला काही कळेना.

निरोप आला तो अर्धा गोड होता. शेतकऱ्यांचे फोन सकाळी येतात, म्हणून सकाळची जागा वेल्श बोलणाऱ्या मुलीला गेली होती. दुपारी ऑपरेशनं चालतात, पाळीव कुत्र्या-मांजरांचे मालक बसून असतात, त्यांच्याशी इंग्रजीत भागतं. त्या वेळेसाठी नेरिसला सोमवारपासून घ्यायला प्रॉसरबाई तयार होत्या, पण आधी तीन महिने बघणार होत्या. पगार अर्धा. नेरिस लगेच हो म्हणाली आणि जिन्याच्या पायरीवरच बसली.

"आता तरी हस!" लौरी म्हणाली.

"हसते गं. आधी पोटातला गोळा तर उतरू दे."

"आता कसला गोळा?"

"सोमवारचा," नेरिस म्हणाली.